चांदीच्या त्या मेसेजचा टंच

‘चांदी घेताना फसू नका’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातले दावे असे: ९२५ म्हणजे भेसळ, अस्सल चांदी फक्त ९९९. अस्सल चांदी काळी पडत नाही. चुंबक चिकटला नाही आणि वर ठेवलेला बर्फ भराभर वितळला की माल पक्का. आणि आकड्याचा शिक्का असला तर डोळे झाकून घ्या. (पहिला आणि शेवटचा दावा एकाच मेसेजमध्ये कसे नांदतात, कोण जाणे.)

आधी भेसळीचं बघू. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. हीच स्टर्लिंग चांदी. तांबं मुद्दाम घालतात, कारण ९९९ ची चांदी फार मऊ. साखळीची कडी ताणली जाते, खडा धरणारी नखं सैल पडतात. लगड ठेवायची तर ९९९ ठीक, रोज अंगावर वागवायचं तर ९२५ बरी. सांगून घातलेलं तांबं ही भेसळ नव्हे. ९२५ सांगून ८०० टंचाचा (म्हणजे शुद्धतेचा) माल गळ्यात मारणं, ही भेसळ.

काळं पडण्याचं तर उलटंच आहे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ९९९ सुद्धा काळवंडते, जरा सावकाश इतकंच. न घासता वर्षानुवर्षं लखलखीत राहिलेल्या वस्तूवर बहुधा ऱ्होडियम या न काळवंडणाऱ्या धातूचा मुलामा असेल, नाहीतर ती चांदीच नसेल.

चुंबक चिकटला तर शंका घ्या. नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही. तांबं, पितळ, शिसं, कशालाच तो चिकटत नाही. बर्फाचंही तेच. उष्णता वाहून नेण्यात धातूंमध्ये चांदी पहिली खरी, पण तांबं तिच्या अगदी पाठोपाठ.

राहिला शिक्का. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये १४७८ पासून दागिने तपासून छाप मारू लागले, त्यावरून ‘हॉलमार्क’ हा शब्द आला. म्हणजे घडवणाऱ्याने नव्हे, तिऱ्हाईताने कस लावून दिलेली खूण. नुसता ‘९२५’ आकडा कोणीही ठोकू शकतो. तो विकणाऱ्याचा शब्द, एवढीच त्याची किंमत. तेव्हा आकड्याशेजारी तपासणी केंद्राची खूण आहे का ते पाहा आणि टंच बिलावर लिहून घ्या.

माझ्याकडे एक जुना चमचा आहे. दांड्यामागे चार इवल्या चौकटी, अगदी हॉलमार्कच्या थाटात. भिंगातून अक्षरं लागली: ई, पी, एन, एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा; आत तांबं, निकेल आणि जस्त. तरी खात्री करावी म्हणून चमचा तोलला, ५२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याने चमचा पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला न टेकवता. अशा वेळी काटा चमच्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो, आणि चांदी घन असल्याने तितक्याच वजनाला कमी पाणी सारते. ९२५ चांदी असती तर काटा ५ ग्रॅम दाखवता. त्याने ६ दाखवले.