बांगडा खाल्ला म्हणून थायरॉईडची गोळी सुटत नाही

‘किनारपट्टीवरच्या माणसाला थायरॉईड होऊच शकत नाही, गोळ्या समुद्रात टाका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या आमच्या सिंधुदुर्गात फिरतोय. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. जोडलेले हात आणि नारळाचं झाड तेवढं आहे. मी कुडाळात एका लॅबमध्ये रक्त तपासतो, असले मेसेज रोज येतात आणि मी ते पुसून टाकतो. पण हा वेंगुर्ल्याच्या मावशीपर्यंत पोचला. “मी गोळी सोडलंय रे, माका काय एक होणा नाय,” असं तिने फोनवर सांगितलं आणि वर मलाच तो मेसेज पाठवला. तेव्हा आता मुद्दे घेतोच. सगळ्यांना सारखा मान मिळणार नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. ‘आठ दिवस गोळी बंद करून बघा. काही झालं नाही तर समजा, गरज नव्हतीच.’ लिहिणाऱ्याला माहीत असो वा नसो, ही परीक्षा कुणीही पास होईल अशीच आहे. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बनवते तेच हार्मोन, रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. पंप बंद केला तरी टाकीत पाणी आहे तोवर नळ चालतोच. आठव्या दिवशी माणूस खुशीत असतो. त्रास दिसतो काही आठवड्यांनी: थंडी सोसवत नाही, पोट साफ होत नाही, चेहरा सुजतो, आवाज जड होतो, पाळी बिघडते, कोलेस्टेरॉल वाढतं. तोपर्यंत मेसेज विसरलेला असतो आणि दोष वयाला नाहीतर पावसाळी हवेला जातो. गर्भारपणात तर हा खेळ नकोच. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. मेसेज मात्र ‘गरोदर महिलांनीही निर्धास्त करावे’ म्हणतो. हे वाक्य नसतं तर कदाचित मी एवढं लिहायला बसलोही नसतो.

आता सगळ्यात हास्यास्पद मुद्दा. ‘टीएसएच जास्त आला म्हणजे तुमची ग्रंथी जोरात काम करतेय, मग वरून गोळी कशाला?’ अहो, टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ते थायरॉईडमध्ये बनतच नाही! ते बनवते मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून गळ्यातल्या ग्रंथीला कामाला लावू बघते. हार्मोन पुरेसं झालं की हात आखडता घेते. तिच्याही वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग बसलेला असतो, तो टीआरएच नावाचं हार्मोन पाठवून पिट्युटरीला टीएसएच सोडायला लावतो. म्हणजे टीएसएच वाढलेला आणि टी-४ (थायरॉक्सिनच) कमी असेल, तर अर्थ बरोबर उलटा: ग्रंथी कमी पडतेय. काउंटरवर रिपोर्ट हातात घेऊन “थायरॉईड वाढला” म्हणणारे रोज भेटतात. त्यांचं समजू शकतो, आकडा वाढलेला दिसतो. पण लोकांना उपचार सांगायला बसलेल्याने निदान कुठली ग्रंथी काय पाझरते एवढं तरी वाचावं. शरीरात अशा नलिका नसलेल्या, थेट रक्तात हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथी बऱ्याच आहेत, आणि त्यांतल्या काहींचा कारभार असाच एकमेकींच्या वर-खाली पाहून चालतो.

मग मासे आणि मीठ. किनाऱ्यावरचा माणूस मासे खातो, त्यातून आयोडीन मिळतं, म्हणून त्याला थायरॉईड होत नाही, हा मेसेजचा मूळ दावा. इथे अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला मला फारसं आवडत नाही. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आयोडीन नसेल तर ग्रंथी काही बनवू शकत नाही, आणि समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं. इथवर ठीक. पण जून-जुलैत मासेमारी बंद, पुढे श्रावण, वर्षभर सोमवार, गुरुवार, संकष्टी. आणि समजा रोज ताटात बांगडा आला, तरी आठ शहरांतल्या प्रौढांच्या पाहणीचं काय करणार? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पाच हजारांहून जास्त लोकांची रक्ततपासणी झाली. मुंबई, गोवा आणि चेन्नई ही किनाऱ्यावरची ठिकाणं त्यात होती. एकंदर सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉईड कमी काम करत होती. किनाऱ्यावर प्रमाण थोडं कमी निघालं, पण तेही साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. शून्य नव्हे! कारण आयोडीन पुरेसं मिळतं तिथे या आजाराचं मुख्य कारण वेगळं असतं: शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव आजाराला आहे. या आजारात बांगडे वाढवून ग्रंथी परत येत नाही.

‘आयोडीनचं मीठ सोडा, शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ खा, त्यात नैसर्गिक आयोडीन आहे.’ शिरोड्याच्या मिठागरांबद्दल, तिथल्या १९३० च्या सत्याग्रहाबद्दल आम्हालाही अभिमान आहे. पण हिशेब करू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून जेमतेम साडेआठ मायक्रोग्रॅम मिळणार. मोठ्या माणसाची गरज १५० ची. दुकानातल्या मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं असा नियम आहे, म्हणजे ५ ग्रॅमला ७५. खडे मीठ लोणच्याला घाला, कैऱ्या मुरवा, त्याला कोण नाही म्हणतंय?

मेसेजमधलं बाकीचं पटापट. रोज सकाळी दोन मोठे चमचे खोबरेल: ग्रंथी सुधारत नाही, दोनशेच्या वर कॅलरी मात्र पोटात जातात. धण्याचं पाणी: प्या, पण गोळीऐवजी नको. अंगठ्याच्या मुळाशी दाबणे: अंगठा दुखेल. सात ग्रंथी म्हणजेच सात चक्रं: श्रद्धा असेल तर असू द्या, पण तेवढ्यावर रिपोर्ट बदलत नाही. ‘पूर्वी हा आजार नव्हता, कंपन्यांनी आणला’: इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी १८९१ साली थायरॉईड कमी पडलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला आणि ती पुढे २८ वर्षं जगली. शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं गेलं १९१४ च्या नाताळात.

‘गोळीने ग्रंथी आळशी होते’ यात थोडं तथ्य आहे. बाहेरून हार्मोन मिळालं की टीएसएच उतरतो आणि ग्रंथी कमी बनवते. पण ग्रंथी धडधाकट असेल तर गोळी थांबल्यावर ती काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागते. नासलेली असेल तर आळसाचा प्रश्नच येत नाही. बाळंतपणानंतर काही काळापुरता बिघाड झालेल्या किंवा अगदी सीमेवर असलेल्या काहींची गोळी डॉक्टर स्वतःच कमी करतात, बंदही करतात. तेही रिपोर्ट बघत बघत.

ज्यांनी मेसेज वाचून गोळी सोडली आहे त्यांनी घ्यायच्या राहून गेलेल्या गोळ्या एकदम भरून काढू नयेत. वय झालेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती डोसने सुरू करायची ते आधी डॉक्टरांना विचारा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला याल तेव्हा ‘खरा आकडा कळावा’ म्हणून आधी चार दिवस गोळी बंद करून येऊ नका. डॉक्टरांना गोळी चालू असतानाचाच आकडा हवा असतो. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घेतलीत तरी चालते.