डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवं
वय वाढलं की मन निवांत होतं हे तुमच्या म्हातारपणावरच्या लेखातलं पटलं, पण शरीरसंबंधांचा विषय दोन ओळींत उरकलात ते नाही पटलं. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३००५ जणांचा सर्व्हे २००७ साली आला होता, त्यात ६५ ते ७४ मधले निम्म्याहून जास्त लोक लैंगिकदृष्ट्या ॲक्टिव्ह होते आणि तरी पन्नाशीनंतर डॉक्टरशी यावर बोललेले पुरुष ३८ टक्के, बायका फक्त २२ टक्के. तिकडे ही गत, मग इकडचं काय सांगायचं, काका तपासायला गेले की शेजारच्या खुर्चीत मुलगा नाहीतर सून फाइल मांडीवर घेऊन बसलेली, डॉक्टर साखर किती बीपी किती विचारणार, गोळ्या लिहिणार, झालं. त्या माणसाने तोंड उघडायचं कधी? डायबेटिसने नसा, रक्तवाहिन्या खराब होऊन संबंधांत अडचण येते, बीपीच्या काही गोळ्यांनीही तोच त्रास होतो, पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे बाईला दुखतं आणि यावर उपाय आहेत हो! पण दोघंही वय झालं म्हणून गप्प, मग चिडचिड, अबोला, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपणी स्वभावच बिघडला. प्लीज पुढचा लेख फक्त यावर लिहा, आणि एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलतं करा.