कोकण अव्वल, आणि आमच्या शाळेचा पट १०

१३ मे २०२५, दहावीचा निकाल. बोर्डाची पत्रकार परिषद संपते न संपते तोच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धडाधड फॉरवर्ड सुरू झाले: ‘कोकण पुन्हा अव्वल!’ राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकण विभागाचा ९८.८२. तळाला नागपूर, ९०.७८. नारळ, ढोल, टाळ्या, सगळे इमोजी येऊन गेले. मुंबईकर तर आमच्यापेक्षा जोरात. एकाने लिहिलं, ‘येवा, कोकण आपलाच आसा, नंबरय आपलोच आसा!’

मीही अंगठा दिला. मग आकडे चाळत बसलो. तीन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर काढली, तेव्हापासून ही खोड जडली आहे.

तर मंडळी, आपला विभाग म्हणजे काय? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, संपलं. २०१२ पासून आपलं वेगळं विभागीय मंडळ, त्याआधी आपण कोल्हापुरात मोडायचो. वेगळे झाल्यापासून दहावीला पहिला नंबर एकदाही सोडलेला नाही. २०२४ ला तर ९९.०१ टक्के, राज्य तेव्हा ९५.८१ वर. कौतुक आहेच. पण २०२५ ला राज्यात परीक्षेला बसली १५,४६,५७९ मुलं, आणि आपली २७ हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. राज्याच्या सरासरीत नंदुरबारची मुलं आहेत, जिथे २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६४ टक्के होती (आपल्या सिंधुदुर्गाची साडेपंच्याऐंशी). ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, ती बीडची मुलंही आहेत. त्यांच्या पुढे गेलो म्हणून ढोल वाजवताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

दुसरा एक आकडा ग्रुपवर कुणीच टाकला नाही. त्याच निकालात राज्यातल्या २११ मुलांना १०० टक्के गुण मिळाले. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. कोकणातली किती? ९. लातूरला मुलं जास्त बसतात हे मान्य, पण हजारी हिशेब मांडला तरी ते आपल्या तिप्पट निघतात. आणि याच लातूर विभागाचा २०२५ चा बारावीचा निकाल नऊ विभागांत सगळ्यात खाली, ८९.४६. त्यांच्याकडे डोंगरही आहे आणि दरीही. आपल्याकडे सपाट कातळ. सगळी पोरं पास होतात, कुणी मागे राहत नाही, कुणी फार पुढेही जात नाही. मला स्वतःला हा सपाट कातळ आवडतो, खोटं कशाला बोलू? नापास झालेलं पोर घरी बसतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. पण मग ‘अव्वल’ या शब्दाचा अर्थ तेवढाच घ्यावा.

शिवाय दहावीचा निकाल जिल्हा परिषदेच्या खात्यावर कुठे जमा होतो? आपल्या गावांतली हायस्कुलं बहुतेक संस्थांची. कितीतरी ठिकाणी मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने गिरणगावातल्या खोल्यांतून वर्गणी गोळा करून उभी केलेली. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे पहिली ते चौथी, फार तर सातवी. पाया ती घालते, मिरवणूक मात्र हायस्कुलाची निघते.

आता त्या पायाकडे येतो.

राज्याशी तुलना करायला बसलं की सिंधुदुर्गाचा एक रकाना फार देखणा दिसतो: एका शिक्षकामागे मुलं किती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तिसांमागे एक शिक्षक, आणि साठपर्यंत पट असेल तर किमान दोन. आमच्या वाडीच्या शाळेत अकरा मुलं होती, दोन शिक्षक. साडेपाचाला एक! मुंबईतल्या महागड्या शाळेला जमणार नाही असं प्रमाण. कागदावर बघितलं तर आम्ही फिनलंडात राहतो.

प्रत्यक्षात ती अकरा मुलं चार इयत्तांची. फळ्याच्या मध्ये खडूची रेघ, अलीकडे पहिली-दुसरी, पलीकडे तिसरी-चौथी. गुरुजी मराठवाड्यातले. पहिल्या वर्षी पोरं म्हणायची ‘गुरुजी, माका व्हया’, आणि गुरुजी बाईंकडे बघायचे. दुसऱ्या वर्षी गुरुजीच ‘खंय गेल्लंय रे?’ विचारायला लागले. तिसऱ्या वर्षी आंतरजिल्हा बदली झाली आणि ते गेले. त्यांना मी दोष देत नाही, म्हातारे आईवडील तिकडे होते. पण ती जागा रिकामी राहिली ती राहिली. मग उरल्या बाई. त्यांनी शिकवायचं, पोषण आहाराची नोंद ठेवायची, यू-डायसची, म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदीसाठी शाळेची, माहिती भरायची आणि रेंज मिळावी म्हणून आंब्याखाली उभं राहायचं. ज्या दिवशी केंद्रशाळेत मिटिंग, त्या दिवशी शाळा कुणाच्या भरवशावर ते विचारू नका. म्हणजे शाळा जितकी खचत जाते तितका तो रकाना सुंदर दिसत जातो.

राज्याच्या नजरेत मात्र हे लहानपण हाच दोष आहे. २०१७ च्या डिसेंबरात कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ ला समूह शाळांची, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी करायची, टूम निघाली. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या, त्यांत मुलं १,८५,४६७. सरासरी काढा, एका शाळेत बारा-तेरा. म्हणजे आमचीच शाळा, चौदा हजार वेळा. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा, निर्णय. मग सप्टेंबरात आणखी एक: कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी घ्यायचं ठरलं, महिना १५ हजारांवर. आधी मर्यादा वीस होती, ओरड झाल्यावर दहावर आणली. २५ सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजेवर गेले. आणि गंमत बघा, २०२३-२४ च्या या काळात शालेय शिक्षणमंत्री होते दीपक केसरकर, म्हणजे आपल्या सावंतवाडीचे. घरचा माणूस असूनही सूत्र बदललं नाही, कारण सूत्र माणसाचं नसतं, ते मंत्रालयातल्या एक्सेल शीटचं असतं.

त्या शीटमध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, नसतो. देशावर गाव म्हणजे एक गावठाण, चारशे घरं एकाला एक चिकटून, मधोमध शाळा. आपल्याकडे गाव म्हणजे बारा वाड्या. मधे डोंगरी, मधे शेतं, मधे पावसात फुगणारा व्हाळ आणि त्यावर कुणाच्या तरी पुण्याईवर उभा असलेला साकव. २०११ ला राज्यात चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, सिंधुदुर्गात १६३. एवढ्या विरळ वस्तीत सहा वर्षांच्या पोराला चालत गाठता येईल अशी शाळा ठेवायची तर ती लहानच असणार. त्यातही माणसं घटताहेत. २००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, दहा वर्षांनी ८,४९,६५१. त्या दशकात महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आपण गाव सोडून मुंबईला गेलो, आणि तिथून विरार-डोंबिवलीला. दोन्हीकडे जागा रिकामी करायचं काम आपल्याकडेच होतं बहुतेक.

आमच्या शेजारचे आबा म्हणतात, ‘शाळेक पोरां व्हयी, मरे. मास्तर काय भिंतीक शिकवतलो?’ त्यांचे तिन्ही नातू कांदिवलीला.

आणि आता जे लिहायचं टाळत होतो ते. २०२४ च्या जूनमध्ये मी माझ्या मुलीला त्या शाळेतून काढलं. दुसरी पास झाली होती. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात घातलं, सकाळी सात वाजता व्हॅन. दाखला घ्यायला गेलो तेव्हा मी समितीचा माजी सदस्य, बाई काही बोलल्या नाहीत. दाखला लिहिताना फक्त म्हणाल्या, ‘आता पट दहा होतोय हं.’ तेव्हा तो नुसता आकडा वाटला. सप्टेंबरात निर्णय आला आणि त्यात ‘दहा किंवा त्यापेक्षा कमी’ वाचलं, तेव्हा बाईंचा आवाज आठवला. मुलगी इंग्रजी कविता छान म्हणते. गणितात वजाबाकी अजून बाईंनी शिकवलेल्या चिंचोक्यांनीच करते.

म्हणून मला शिक्षण खात्यावर दात-ओठ खाऊन लिहिता येत नाही. एक मागणी मात्र आहे. शाळा ठेवायची की नाही हे ठरवताना आधी अंतर मोजा, तेही गूगलवर सरळ रेघ ओढून नव्हे, जुलै महिन्यात सहा वर्षांच्या पोराचा हात धरून चालत जाऊन. पट त्यानंतर मोजा. समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. जिथे रस्ता बारमाही आहे, गाडी वेळेवर येईल आणि तिचे पैसे दोन वर्षांनी बंद होणार नाहीत, तिथे वीस-पंचवीस मुलं एकत्र खेळली-शिकली तर बरंच. खो-खोला दोन संघ तरी होतील. पण हे वाडीवार ठरायला हवं, आणि ठरवताना त्या वाडीतली बाईमाणसं बैठकीला हवीत, कारण पोराला शाळेत सोडायला आणि आणायला जातात त्याच.

पुढच्या वर्षी निकाल लागेल, ‘कोकण अव्वल’ पुन्हा फिरेल, मी पुन्हा अंगठा देईन. तोवर एक करा. खाली कमेंटमध्ये आपापल्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा यंदाचा पट लिहा. शाळेचं नाव नको, फक्त तालुका आणि आकडा. आपलं मूल त्यात आहे की नाही तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. कुडाळ, १०. नाही.