पीएचडी करता करता मास्टर्स ‘आपोआप’ मिळते म्हणे!

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मग एमएससाठी कर्ज कशाला काढायचं, ह्याला डायरेक्ट पीएचडीलाच अर्ज करायला सांगते.’ ह्याला म्हणजे माझ्या भाच्याला. फॉरवर्डमध्ये काय, तर अमेरिकेत गणिताच्या पीएचडीला ॲडमिशन घ्या, वर्षभरात मास्टर्स आपोआप मिळते, क्वालिफायर (पीएचडीत पुढे जाण्यासाठीची पात्रता परीक्षा) नापास झालात तरी मिळते, इकडची एमएस्सी झाली असेल तर दुसरी बोनस, आणि डिग्री हातात पडली की पीएचडी सोडून नोकरी धरा, सगळं फुकट. हा मेसेज आधीही दोनदा आला होता, मी सोडून दिला. पण आता घरातलंच पोरगं त्यावर निर्णय घेणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही. मी स्वतः तिकडे गणितात पीएचडी केलीय आणि मास्टर्सही त्याच वाटेत घेतलीय.

‘आपोआप’ हा शब्द आधी काढा. बहुतेक विद्यापीठांत मास्टर्ससाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्याची सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आसपास शेवटची तारीख असते, आणि कुठले कोर्स कुठल्या अटीत मोजायचे त्यावर विभागाची सही लागते. माझे कोर्स झाले होते, परीक्षा झाली होती, आणि मी खुशाल समजून चालले की ऑफिसवाले बघतील. कोणी बघितलं नाही. तारीख गेली आणि डिग्री पुढच्या सेमिस्टरला मिळाली.

‘वर्षभरात’चा हिशोब तर कुणीही करू शकतं. बऱ्याच ठिकाणी मास्टर्सला ३० क्रेडिट लागतात, एक कोर्स साधारण ३ क्रेडिटचा, म्हणजे १० कोर्स. शिकवण्याचं काम सांभाळून पहिल्या वर्षी सेमिस्टरला तीन कोर्स केले तरी सहाच होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत अट कमी आहे, प्रबंध लिहिलात तर २० युनिट, नाही तर २४ युनिट आणि वर परीक्षा. म्हणजे काही ठिकाणी लवकर होऊ शकतं, मान्य. पण आपोआप तिथेही नाही.

आता तो नापासवाला मुद्दा, ज्याने माझं खरं डोकं फिरलं. ‘नापास झालात तरी मिळते’ म्हणजे काय? प्रिन्स्टनच्या गणित विभागाचे नियम उघडून वाचा, वेबसाइटवर आहेत. तिथे मास्टर्सला वेगळी ॲडमिशनच नाही, मास्टर्स ही पीएचडीच्या वाटेवरची डिग्री आहे आणि ती जनरल एक्झाम, म्हणजे तिथली क्वालिफायर, *पास* झाल्यावर मिळते. ती परीक्षा तोंडी असते, रिअल ॲनालिसिस, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, अल्जेब्रा आणि शिवाय दोन खास विषय. नापास झाल्याबद्दल डिग्री देणारा नियम मला तरी कुठे दिसलेला नाही. ही अफवा कुठून आली असेल त्याचा अंदाज आहे. काही विभागांत एकाच लेखी परीक्षेला दोन पातळ्या असतात, पीएचडीची रेघ वर आणि मास्टर्सची खाली, त्यामुळे वरची चुकली आणि खालची ओलांडली, शिवाय कोर्स पुरे असले आणि सरासरी बी ग्रेडच्या खाली गेली नाही, तर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. पण ती खालची रेघ ओलांडायलाही वर्षभर घासावं लागतं हो. माझ्या बॅचमधली एक मुलगी अशीच मास्टर्स घेऊन निघाली, तिने त्यासाठी किती रात्री काढल्या ते मी पाहिलंय. तिच्या डिग्रीला कोणी नापासांची डिग्री म्हटलं तर मला सहन होत नाही. आणि दोन्ही रेघा चुकल्या तर? काहीही न घेता परत यावं लागतं, तेही होतं.

बोनसचं थोडक्यात सांगते. बर्कलीसकट बऱ्याच विद्यापीठांत त्याच विषयातली त्याच पातळीची डिग्री दुसऱ्यांदा देत नाहीत. इकडून गणितात एमएस्सी करून गेलात तर वाटेतली मास्टर्स मिळेलच असं धरून चालू नका.

‘फुकट’ मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने का होईना मान्य करते. पीएचडीवाल्यांची ट्यूशन फी बहुतेक माफ असते, वर स्टायपेंड मिळतो, आणि वाटेतल्या मास्टर्सची वेगळी फी सहसा नसते. पण तो पैसा पाच-सहा वर्षं संशोधन करणाऱ्यासाठी ठेवलेला असतो, त्याबदल्यात तुम्ही शिकवता, पेपर तपासता. मनात पहिल्या दिवसापासून पळून जायचं ठेवून अर्जात ‘मला संशोधन करायचंय’ लिहायचं हे खोटं आहे, आणि त्याने ज्याची जागा जाते तोही कुणाचा तरी भाचाच असतो.

शिवाय एफ-१ व्हिसा, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा. आधी परवानगी घेऊन शिक्षण मधेच सोडलं तर देश सोडायला १५ दिवस, पूर्ण करून निघालात तर ६०. म्हणजे मास्टर्सचा फॉर्म वेळेत भरून, डिग्री पदरात घेऊन, इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून निघणं वेगळं आणि फॉरवर्ड वाचून एक दिवस उठून निघणं वेगळं. सांगितल्याशिवाय निघालात तर ते १५ दिवसही नाहीत.

सकाळी भाच्याला फोन करून विचारलं, पाच वर्षं गणित करायचंय का तुला? म्हणाला, मावशी, माहीत नाही गं, मला मास्टर्स हवीय. मग मास्टर्सलाच अर्ज कर म्हटलं, आणि ज्या दोन विभागांत त्याला खरंच पीएचडी करावीशी वाटतेय त्यांची हँडबुकं पाठवली, त्यात मास्टर्सचं पान कुठलं तेही सांगितलं. ताईला अजून फोन करायचाय.