पाणवठ्यावरचा कॅमेरा

शिकारी जनावरांचा माग काढायला रानात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात, त्यांच्यावरचा तुमचा लेख वाचला. ‘कॅमेरा फक्त बघतो, मारत नाही, मग अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने बंदी का घातली?’ हा त्यातला प्रश्न पटला नाही. मी तिथल्याच फिनिक्स शहरात राहतो, सुट्टीत रानात भटकतो. बंदीआधी सरकारी जमिनीवरच्या एका लहानशा पाणवठ्याभोवती मी नऊ कॅमेरे मोजले होते. त्या कोरड्या मुलखात हरीण पाणी प्यायला दुसरीकडे कुठे जाणार? वर सिमकार्डवाला कॅमेरा फोटो लगेच मोबाइलवर पाठवतो. त्यात माग काढण्याचं कसब कुठे उरलं?

२०२२ पासूनची बंदी शिकारीसाठीच्या कॅमेऱ्यांवर आहे, अभ्यासकांच्या नाही. हे लेखात यायलाच हवं होतं. शेजारच्या नेवाडा राज्याने तर त्याआधीच सार्वजनिक जमिनीवर ऑगस्ट ते डिसेंबर बंदी घातली होती.