बार्शी लाइटचे कामगार आणि 28 नोव्हेंबर

सरकारनं कंपनी ताब्यात घेतली म्हणजे कामगारांचं सोनं झालं आणि खाजगी मालकानं घेतली म्हणजे वाटोळं, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. ज्यांची ती आहे त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांचं काय झालं ते जरूर वाचावं. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या लोकांना 'बार्शी लाइट' म्हटलं की अडीच फुटी रुळांवरची गाडी आणि पंढरीची वारी आठवते. कामगार कायदा शिकलेल्यांना आठवतो सर्वोच्च न्यायालयाचा 27 नोव्हेंबर 1956 चा निकाल. दोन्ही आठवणारी माणसं फार थोडी.

कंपनी होती विलायतेत नोंदलेली. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हट्टानं उभी केलेली. सरकारशी 1895 साली करार झाला, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली, पुढे पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरज. करारात एक कलम होतं की बारा महिन्यांची नोटीस देऊन सरकार ही रेल्वे विकत घेऊ शकेल. स्वातंत्र्यानंतर तेच झालं. डिसेंबर 1952 मध्ये रेल्वे बोर्डानं कंपनीला कळवलं, 1 जानेवारी 1954 पासून रेल्वे आमची.

कंपनीला वर्षभराची नोटीस मिळाली. कामगारांना किती मिळाली? 11 नोव्हेंबर 1953 ला कंपनीनं नोटीस काढली: 31 डिसेंबरच्या दुपारनंतर सगळ्यांच्या नोकऱ्या संपतील. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार कामावर घेणार आहे, अटी मागाहून कळतील. म्हणजे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधला फिटर 31 तारखेला दुपारी बेकार आणि 1 तारखेला सकाळी, त्याच भात्यापुढे, सरकारचा नवा नोकर. बहुतेकांना सरकारनं घेतलं हे खरं, पण काहींच्या वाट्याला आधीपेक्षा खालची वेतनश्रेणी आली.

आता गंमत बघा. त्या नोटिशीच्या अठराच दिवस आधी, 24 ऑक्टोबर 1953 पासून, औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीच्या भरपाईची तरतूद आली होती. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ज्याची वीस वर्षं झाली त्याला 300 दिवसांचा, म्हणजे दहा महिन्यांचा पगार. त्या काळी रेल्वेतल्या साध्या माणसाला एवढी रक्कम एकरकमी कधी दिसायची? कामगारांनी ती मागितली. युनियनचे अध्यक्ष के. एन. जोगळेकर, ब्रिटिशांनी कम्युनिस्ट कामगार पुढाऱ्यांवर चालवलेल्या मीरत कट खटल्यातले. हा माणूस गप्प बसणारा नव्हताच. मुंबई उच्च न्यायालयात कामगार जिंकले. कंपनी दिल्लीला गेली.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की छाटणी म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसं कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला आणि म्हणून नोकरी गेली, तर ती छाटणी नव्हे. सबब भरपाई नाही. कायद्याच्या व्याख्येत 'कोणत्याही कारणाने' असे शब्द असूनही! मला हा निकाल आजही पटत नाही. कंपनीच्या दृष्टीनं धंदा संपला असेल, पण गाडी 1 जानेवारीला धावलीच ना? रूळ तेच, वेळापत्रक तेच. संपली ती फक्त माणसांची जुनी नोकरी.

निकालावर एवढा गदारोळ झाला की एप्रिल 1957 मध्ये वटहुकूम आणि मग कायदा करून कलम 25 एफएफ नव्यानं लिहिलं गेलं. मालकी बदलली तर कामगाराला छाटणीसारखीच भरपाई. ती टाळायची असेल तर तीन गोष्टी हव्यात: नोकरीत खंड नको, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, आणि पुढे कधी छाटणी झाली तर नव्या मालकानं जुनी वर्षंही धरून पैसे द्यायचे. दुरुस्ती पूर्वलक्षी केली. कधीपासून? 28 नोव्हेंबर 1956 पासून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! ज्यांच्या खटल्यामुळे हा कायदा आला, त्या बार्शी लाइटवाल्यांच्या हाती भोपळा.

हे सगळं मी आज लिहितोय ते अमेरिकेतल्या बातम्यांमुळे. तिथं जुलै 2025 मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न या दोन अवाढव्य रेल्वे कंपन्यांनी 85 अब्ज डॉलरच्या विलीनीकरणाची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये युनियन पॅसिफिकनं एका मोठ्या युनियनशी नोकरीच्या हमीचा करारही जाहीर केला. इतर काही युनियन मात्र विरोधात उभ्या राहिल्या. आपल्याकडे लगेच प्रतिक्रिया: भांडवलशाहीचं माहेरघर, तिथं कसली आली हमी? अहो, या एका बाबतीत तिथले रेल्वे कामगार आपल्या वीस वर्षं पुढे होते.

मंदीच्या काळात, 1933 च्या कायद्यानं तिथं रेल्वे कंपन्यांना एकत्र येऊन खर्च वाचवायला सांगितलं, पण त्यासाठी कामगारसंख्या मे 1933 च्या आकड्याखाली न्यायची नाही, अशी अट घातली. त्यामुळे कंपन्यांचा उत्साहच मावळला. माणसं कमी करायची नाहीत तर वाचवायचं काय? कायद्याची मुदत जून 1936 मध्ये संपणार होती. ती संपायला काही आठवडे असताना, 21 मे 1936 ला, वॉशिंग्टनमध्ये बहुतेक मोठ्या कंपन्या आणि 21 युनियन यांच्यात करार झाला. दोन कंपन्यांचं काम एकत्र करायचं तर 90 दिवसांची नोटीस, कुणाला कुठे नेमायचं ते युनियनशी बोलून ठरवायचं, ज्याची नोकरी जाईल त्याला सरासरी पगाराच्या 60 टक्के रक्कम दरमहा. वर्षा-दोन वर्षांच्या नोकरीला सहा महिने, पंधरा वर्षांच्या पुढे पूर्ण पाच वर्षं.

मला त्यातलं घराचं कलम फार आवडतं. बदली झाली आणि राहतं घर पडत्या भावानं विकावं लागलं, तर तोटा कंपनीनं भरायचा. भाव कुठला धरायचा? विलीनीकरणाची कुणकुण लागण्याआधीचा. वर्कशॉप हलणार म्हटलं की गावातल्या घरांना गिऱ्हाईक राहत नाही, हे करार लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. किमतीवर वाद झाला तर एक मूल्यमापक कामगाराचा, एक कंपनीचा आणि तिसरा त्या दोघांनी निवडलेला. कुर्डुवाडीच्या नोटिशीत यातलं काय होतं? 'अटी मागाहून कळतील.'

पुढे 1939 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं उलट दिशेचा निकाल दिला. विलीनीकरणाला परवानगी देताना कामगारांसाठी अटी घालणं हे सार्वजनिक हिताचंच काम आहे, असं. 1940 च्या कायद्यानं ते सक्तीचं केलं: चार वर्षं कामगाराची स्थिती बिघडता कामा नये. 1979 मध्ये न्यूयॉर्क डॉक नावाच्या एका चिमुकल्या बंदर-रेल्वेच्या प्रकरणात हे संरक्षण सहा वर्षांपर्यंतचं झालं. आजही तिथं महाकाय कंपन्यांची विलीनीकरणं 'न्यूयॉर्क डॉक अटीं'वरच होतात.

आता कुणीतरी पेन सेंट्रलचं उदाहरण तोंडावर फेकणारच. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल 1968 मध्ये एक झाल्या, 1964 च्या करारानं कामगारांना जन्मभराची हमी दिलेली, आणि जून 1970 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. झालं, खापर कामगारांवर. हमीचा खर्च मोठा होता, नाही कोण म्हणतो? पण दोन्हीकडच्या साहेबांचं एकमेकांशी पटत नव्हतं, संगणक जुळत नव्हते, मालडबे यार्डात हरवत होते, तोट्यातल्या प्रवासी गाड्या बंद करायला परवानगी मिळत नव्हती. दिवाळखोरीला एवढी कारणं पुरेशी नाहीत का?

त्या संरक्षणाला खरी भगदाडं पडली 1991 मध्ये. इंजिनांचं नियोजन करणारं केंद्र रोनोकहून अटलांटाला हलवायचं होतं, दुसऱ्या एका कंपनीला वॅगनदुरुस्तीचं काम जॉर्जियातल्या वेक्रॉसहून केंटकीला न्यायचं होतं. युनियनचे करार आडवे येत होते. न्यायालय म्हणालं, मंजूर विलीनीकरण पार पाडण्यासाठी गरज असेल तर आयोगाची, म्हणजे रेल्वे विलीनीकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेची, मंजुरी त्या करारांच्याही वर. म्हणजे भत्ता मिळेल, पण काम कुठं राहणार यावर युनियनचा हात राहिला नाही. जुन्या करारावर विसंबून त्याच गावात राहिलेल्या माणसाला कसं वाटलं असेल?

आपल्याकडे 1962 मध्ये अनकापल्ली सहकारी संस्थेच्या खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याच्याच माणसानं, आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मालकी बदलल्याची भरपाई जुन्या मालकाकडून मिळत असेल, तर शिवाय नव्या मालकाकडे नोकरीचाही हक्क मागता येणार नाही. तर्क समजतो. पण पंचेचाळिशीच्या फिटरला पैसे की नोकरी, हे त्याला कुणी विचारलं? निवड मालकांची. माझा खरा आक्षेप इथंच आहे. आपला कायदा हिशेबापाशी थांबतो. अमेरिकेतल्या 1936 च्या करारात निदान नोटीस, बोलणी आणि नेमणुका हे सगळं काम हलवण्याच्या आधी होतं.

नव्या औद्योगिक संबंध संहितेतही मालकी हस्तांतराची ही तरतूद साधारण तशीच आली आहे. तेव्हा तुमची कंपनी, बँक, कारखाना विकला जातोय असं कानावर आलं, तर नवा मालक सरकारी की खाजगी यावर भांडत बसू नका. पत्रात तीन गोष्टी शोधा: आधीची सेवा सलग धरली आहे का, अटी आधीपेक्षा कमी नाहीत असं लिहिलंय का, आणि पुढच्या छाटणीत जुनी वर्षं मोजणार का. नसेल तर सही करण्याआधी युनियनला किंवा वकिलाला दाखवा. सही झाल्यावर नव्हे.