रोटेशनमधला फरक वजाबाकीने निघत नाही

गेम बनवायला लागलं की एक सल्ला हमखास कानावर येतो: ‘दोन रोटेशनमधला फरक हवाय? एक्स, वाय, झेडचे कोन वजा करा, ३६० चं तेवढं सांभाळा. क्वाटर्नियन (रोटेशन चार आकड्यांत लिहिण्याची पद्धत: एक्स, वाय, झेड, डब्ल्यू) असतील तर चारही आकडे वजा करा, शून्याजवळ आलं की दोन्ही सारखे.’

३६० चं म्हणणं खरं आहे. ३५९ आणि १ मध्ये अंतर २ अंशांचं, ३५८ चं नव्हे. पण तेवढ्यावर भागत नाही. (०, ०, ०) आणि (१८०, १८०, १८०) घ्या. वजाबाकी म्हणते, तिन्ही अक्षांवर अर्धी फेरी. गेम इंजिनमध्ये एक ठोकळा या कोनांत ठेवून बघा, तो जागचा हललेलाही दिसणार नाही! यावर काहीजण ‘तिघांचे वर्ग करून मूळ काढा’ सुचवतात. (९०, ९०, ०) ला त्याने १२७ येतात; खरा कोन १२० अंशांचा.

क्वाटर्नियनचं दुखणं वेगळं. माझ्याच एका गेममध्ये कॅमेरा लक्ष्यावर बरोबर रोखलेला दिसायचा, पण ‘पोहोचला’ ही अट काही खरी होईना. आकडे छापून पाहिले: एकीकडे ०.७०७, दुसरीकडे −०.७०७, बाकीच्यांचीही चिन्हं उलटी. क्यू हा क्वाटर्नियन आणि उणे क्यू (चारही चिन्हं उलटी) म्हणजे एकच रोटेशन, पण घटक वजा केले तर अंतर २ येतं, म्हणजे जास्तीत जास्त जितकं येऊ शकतं तितकं.

म्हणून दोन्ही क्वाटर्नियनचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) घ्या, त्याचं चिन्ह काढून टाका, १ च्या वर जाऊ देऊ नका (नाहीतर नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर हातात येतं), आर्ककोसाइन काढून दुप्पट करा. तोच दोघांमधला कोन.

‘मग हे अचूक झालं ना?’ बारीक कोनांना नाही. १ च्या जवळ कोसाइन जवळपास सपाट असतो. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये शून्यानंतरचं पहिलं उत्तरच सुमारे ०.०४ अंश येतं. युनिटी या गेम इंजिनचं क्वाटर्नियन.अँगल हे फंक्शन तर डॉट ०.९९९९९९ च्या वर गेला की थेट शून्य देतं, म्हणजे ०.१६ अंशांखालचं सगळं गायब. नेहमीच्या खेळाला चालतं, दूरच्या नेमबाजीला नाही. तिथे पहिल्याचा व्यस्त गुणिले दुसरा असा फरकाचा क्वाटर्नियन काढा आणि त्याच्या व्हेक्टर भागाची (एक्स, वाय, झेड) लांबी व डब्ल्यूचं निरपेक्ष मूल्य एटॅन२ ला (दोन आकड्यांवरून कोन काढणारं फंक्शन) द्या, उत्तर दुप्पट करा. गुणाकाराचा क्रम उलटला तरी कोन तोच राहतो. फिरण्याचा अक्ष मात्र लोकलऐवजी (वस्तूच्या स्वतःच्या दिशांऐवजी) वर्ल्डमधला (गेमच्या जगाच्या दिशांतला) मिळतो.